रुखवतावर दुसरीचं नाव

ये गं, कागदावर का होईना, अशी जवळ बस. दारात टेकल्यासारखी बसू नकोस. फोनवर मला हसलीस ना? "मावशी, या वयात भुताचे गेम काढायला लागलीस?" म्हणालीस आणि माझं उत्तर यायच्या आधी फोन ठेवलास. बरं, ठेवलास तर ठेवलास, वर कन्हेरी गावातल्या तुझ्या नणंदेला सांगितलंस. तिनं जावेला सांगितलं. परवा डेअरीवर दूध घालायला गेले तर एक बाई मला बाजूला घेऊन विचारते, "आजी, नातीच्या अंगात येतंय का हो?" आता तूच सांग, मी त्या बाईला काय समजावू, किटली हातात धरून? म्हणून सगळं लिहून काढते. वाच आणि मग हवं तेवढं हस.

पहिली गोष्ट, त्या गेममध्ये भूत नाही. एकसुद्धा नाही.

माझी थोरली नात बारामतीत कम्प्युटरवर चित्रं काढायला शिकली, हे तुला माहीत आहे. शिकून झाल्यावर इथं वडगाव निंबाळकरला घरीच बसून एका कंपनीची चित्रं काढायची. काय काढायची? नाणी, हिरे आणि लाडू. लोक मोबाईलवर बोट फिरवतात आणि ओळीनं लाडू फुटतात, त्यातला लाडू हिचा. लाडू काढून काढून पोरगी आंबून गेली. तिची एक मैत्रीण आहे इंदापूरची. ती चित्रं काढत नाही, चित्रांना हलायला लावते. कुठं बोट दाबलं की काय व्हावं, ते सगळं ती लिहिते. दोघींच्या मनात एकच, आपला स्वतःचा गेम करायचा.

आणि तशी एक वाट निघाली. गेम काढणारे काही लोक नव्या पोरापोरींच्या कल्पना ऐकून घेणार होते. त्यांना आवडली तर ते पाठीशी उभे राहणार. नाही आवडली तर नात बंगळूरला कायमच्या नोकरीला हो म्हणणार, म्हणजे पुन्हा लाडूच. आणि मैत्रीण भावाच्या खत-औषधांच्या दुकानात बसणार. नात मला म्हणाली, "आज्जी, या खेपेला न्हाय जमलं तर मी गप जाणार. परत कुणाला तोंडानं गेम म्हणणार न्हाय." ती हसत म्हणाली, पण मी तिला अंगाखांद्यावर वाढवलीय. तिचं हसणं मला वाचता येतं.

तेव्हा भेंडीचे तोडे चालू होते. मैत्रीण मुक्कामाला आली की दुपारी पडवीत आम्ही तिघी भेंडी निवडायला बसायचो. सरळ भेंडी एका क्रेटात, वाकडी दुसऱ्यात. भेंडीची कूस हाताला लागली की खाज सुटते, म्हणून हातात जुने पायमोजे. त्या अवतारात गेमचा विचार चालायचा.

त्यांना जे करायचं होतं ते इंदापूरकरणीनं मला समजावलं. "आज्जी, वरून सगळं गोड पाहिजे. गुलाबी, पिवळं, बघत राहावं असं. आणि आत भ्या."

"म्हंजी करंजीत मिरची?"

"तसंच. पण मिरची दिसली न्हाय पाहिजे. खाणाऱ्याला वाटलं पाहिजे, माझीच जीभ बिघडली का काय."

हे मला लगेच पटलं. दोघींनी आधीच पुष्कळ काढून ठेवलं होतं. एक केकचं दुकान, तिथली मालकीण सारखी हसते. एक बर्फातलं गाव, तिथं बाहुल्या राहतात. मी म्हटलं, "बर्फ तुमी दोघींनी बघितलाय तो गोळेवाल्याच्या गाडीवर. बघितलंच न्हाय त्याला काय भ्यायचं?" नात म्हणाली, "मग तू सांग." मी काय, तयारच होते. विहिरीवरची हडळ सांगितली. चिंचेवरचा मुंजा सांगितला. तुझ्या आजोळच्या ओढ्यात दिवट्या दिसायच्या, तेही सांगितलं, चांगलं रंगवून. दोघी भेंडी निवडत ऐकत राहिल्या आणि शेवटी इंदापूरकरीण म्हणाली, "आज्जी, छान हाय. पण हडळ दिसली की माणूस पळतो. पळाला की सुटला. आमाला असं पाहिजे की पळायचं कुठं तेच कळू नये."

मी हिरमुसले नाही. सुचतं ते सगळं काही पेरण्याजोगं नसतं. पुन्हा विचार केला. दुसऱ्या दिवशी चौकातले फ्लेक्स सुचले. बघ, बारामतीत जा नाहीतर इंदापुरात, चौक सगळा हसऱ्या तोंडांनी भरलेला. अमक्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. म्हटलं, "समजा तू चौकातनं चाललीस आणि वर तुझाच फोटो. तुझा तर वाढदिवस न्हाय. तू म्हणतीस चूक झाली असंल. पुढच्या चौकात परत तूच, आणखी मोठी. सगळी येणारी जाणारी तुला हात जोडतात, पेढे देतात. आणि त्याच्या पुढच्या चौकात तोच फोटो, तीच साडी, तेच हसू, आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली."

इंदापूरकरीण ओरडलीच. "आज्जी! अगं बाई! फोटो खरंच तोच वापरतात की!" ती इतकी हसली की क्रेट सांडला. मला वाटलं जमलं. पण नात मोजा काढून हात खाजवत बसली आणि म्हणाली, "भारी हाय. पण एकदा बघितलं की झालं. हसू येतं आणि जातं. उद्या सकाळी उठल्यावर आठवण यायला पाहिजे, तसं न्हाय हे." पोरगी खोटं बोलत नाही, आजीला सुद्धा. मला तिचं हे आवडतं, पण त्या दिवशी थोडा राग आला होता, ते असू दे.

असे बरेच दिवस गेले. उसाचं रान झालं, हळदी-कुंकवाच्या बायका झाल्या, यात्रेतला आरशाचा तंबू झाला. एकही कल्पना ठरेना. दिवस जवळ यायला लागला तशी नात जेवताना सुद्धा बोलेना. आणि मधेच इंदापूरला मैत्रिणीच्या चुलत बहिणीचं लग्न आलं. मैत्रिणीनं मलाही आग्रह केला, "आज्जी, तुमी आल्याशिवाय मी मेहंदी काढणार न्हाय." मग काय, गेले.

कार्यालय मोठं होतं. दारातून आत गेलं की डाव्या हाताला रुखवत मांडलेलं. आता तुला ठाऊक आहे, रुखवत म्हटलं की मी जेवण विसरते. या गावातल्या किती पोरींचं रुखवत माझ्या हातचं आहे. पिस्त्याच्या टरफलांचं कमळ, काड्यापेटीच्या काड्यांची बैलगाडी, लोकरीचा ससा, सुपारीचे नवरा-नवरी. आता कुणाला वेळ आहे? आता रुखवत भाड्यानं मिळतं. डेकोरेशनवाला सकाळी टेम्पोतून आणतो, पाटावर मांडतो, लग्न झालं की गुंडाळून दुसऱ्या लग्नाला. मी नावं ठेवत नाही. मांडलं होतं सुंदर. फिकट गुलाबी पडदा, साखरेची फळं, कापसाची गाय, आणि मधोमध थर्माकोलचा बंगला. बंगल्यात खिडकीला पडदे, अंगणात तुळस, आत दिव्यांची माळ. दारावर सोनेरी अक्षरांत नवरा-नवरीची पाटी.

नातीनं पाटी वाचली आणि माझं कोपर धरलं. "आज्जी, ही कोण?"

पाटीवर नाव दुसऱ्याच जोडप्याचं होतं. आदल्या लग्नातलं. डेकोरेशनवाला पाटी बदलायची विसरला.

तेवढ्यात नवरीच्या मावशीच्या ध्यानात आलं. ती कपाळाला हात लावून, "अगं बाई, हे काय आक्रीत! वरमाय येतीय तिकडनं, झाका आधी!" मग धावपळ. कुणी पाटीपुढं लाडवाचं ताट ठेवलं, ते घसरलं. मामा म्हणाला, "नारळ ठेवा उभा." नारळ उभा राहीना. एक काकू म्हणाली, "राहू द्या की. निम्मी अक्षरं सारखीच हायती, लांबनं कोण वाचतंय?" मामा म्हणाला, "नवरा वाचंल की! ग्रॅज्युएट हाय." हसून हसून सगळ्यांची पुरेवाट. त्यातच नवरी तिथं आली, शालू नेसून, फोटोसाठी. तिनं पाटी बघितली. आणि एक म्हातारी, नवरदेवाकडची, अगदी मायेनं तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "असू दे बाळ. नाव तर बदलायचंच हाय."

त्यांच्यात अजून चाल आहे ती. लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. आता पुष्कळ घरांत बंद झालं, काही घरांत आहे. नवरी हसली. फोटोवाला म्हणाला, "ताई, पाटीकडं बघून जरा हसा," आणि ती पुन्हा हसली, दुसरीच्या नावाकडं बघून. फोटो निघाला.

जेवणं झाली, परतलो. मैत्रीण आणि तिचा भाऊ गाडीतून सोडायला आले होते. नात मागं माझ्याशेजारी.  मग एकदम, "आज्जी, तुझं जुनं नाव काय होतं?"

मी सांगितलं. पण बाई, सांगताना जीभ अडखळली. जसं दुसऱ्याच्या सुनेचं नाव सांगावं तसं बाहेर पडलं.

मग तिनं विचारलं म्हणून सांगितलं, आणि तुलाही सांगते, तुझ्या आईनं कधी सांगितलं नसेल. माझ्या लग्नात तांदळात नाव लिहिलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. अक्षरं मी नंतर शिकले, पोरांच्या पुस्तकातून, चुलीपुढं बसून. त्या दिवशी तांदळात नुसत्या रेघा दिसल्या. कोण झाले मी, ते मला शेजारच्या बाईनं वाचून दाखवलं. नाव चांगलं होतं. सासरची माणसं तर लोण्यासारखी. सासूनं मला त्या नावानं अशी हाक मारली की माझ्या आईनं काय मारली असेल. मी दुःखी होते असं अजिबात समजू नकोस.

पुढं एकदा बारामतीच्या बाजारात मी वांगी घेत होते. मागून कुणीतरी एका बाईला हाका मारत होतं. एक, दोन, कितीतरी. मला वाटलं, कोण ही बहिरी, ओ का देत नाही. माझी वांग्यांची घासाघीस चालूच. शेवटी आमच्या माहेरचे एक तात्या समोर येऊन उभे राहिले. "अगं, बोंबलून घसा बसला माझा, तुला ऐकू येईना व्हय?" ती बहिरी मीच. बाजारात मी हसले. तात्यांना चहा पाजला. भ्या वाटलं ते घरी येऊन भांडी घासताना. वाटलं, तात्यांनी जिला हाक मारली ती पोरगी कुठं गेली? मेली म्हणावं तर मी इथं उभी. आहे म्हणावं तर ओ कुणी दिली नाही. आणि हे कुणाला सांगावं, तर सांगण्यासारखं काय वाईट झालं होतं?

गाडीत मी एवढं बोलले आणि बघते तर नातीच्या हातावर काटा. पुढच्या सीटवरून मैत्रीण म्हणाली, "दादा, गाडी जरा बाजूला घे." गाडी उसाच्या कडेला थांबवून दोघी खाली उतरल्या आणि रस्त्यातच हातवारे करत बोलायला लागल्या. भाऊ मला म्हणाला, "आज्जी, ह्यांचं काय बिनसलं?" मी म्हटलं, "बिनसलं न्हाय. जमलं."

तर असा गेम. तुझं लग्न ठरलंय. तू रुखवत बनवतेस. रंग सगळे बत्ताशासारखे. कापूस, लोकर, साखर, पिस्त्याची टरफलं, एकेक वस्तू तू हातानं बनवायची. घरात पाहुणे येतात, कौतुक करतात. कुणीतरी तुला दुसऱ्याच नावानं हाक मारतं. ओ दिलीस तर बंगल्यात एक दिवा लागतो, अंगणात एक फूल येतं. नाही दिलीस तर काहीही होत नाही. कुणी रागावत नाही. सगळे हसऱ्या तोंडानं नुसते थांबून राहतात, तू ओ देईपर्यंत. हे थांबणं नातीचं. मला नसतं सुचलं. आणि खेळायच्या सुरुवातीला आपलं खरं नाव लिहायचं असतं, ते प्रत्येक ओ बरोबर पाटीवरून जरा फिकट होत जातं, ते मैत्रिणीचं.

माझं म्हणणं एकच होतं आणि ते मी सोडलं नाही. सासू वाईट दाखवायची नाही. मैत्रिणीनं आधी चांगली दातओठ खाणारी सासू केली होती. मी म्हटलं, "पुसून टाक. छळणारी असती तर मी माझं नाव मुठीत धरून बसले असते. मायेनं हाक मारली म्हणून तर मूठ सुटली." मग नात म्हणाली, "आज्जी, तू रुखवत खरंच बनव. मी फोटो काढून तेच आत घालते." बनवलं. या हातांनी पुन्हा ससा विणला, कमळ चिकटवलं. भेंडीचे क्रेट बाजूला सारून पडवीत बंगला उभा राहिला.

घरात कुरबूर झाली ती तेव्हा. माझा लेक, नातीचा बाप, संध्याकाळी रानातून आला, बंगला बघितला, गेम काय ते ऐकलं आणि भडकला. "आई, तू तरी समजव. पोरीचं लग्नाचं वय आणि ही लग्नाला भ्यायचा गेम काढतीय! पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुण्यांस्नी गेम खेळता येतो का?"

"न्हाय."

"मग कळंल कसं?"

"चेष्टा करू नकोस आई. उद्या स्थळ आलं तर काय सांगू? पोरगी काय करती, तर नवरीला येडी करती?"

खरं सांगते, त्याची काळजी खोटी नव्हती. नात मान खाली घालून बसली. मला वाटलं, आता ही बंगळूरला जाते. तेव्हा आतून सूनबाई आली, कणकेचे हात तसेच. ती फार बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणाली, "तुमी माझं नवं नाव तांदळात लिहायला बसला होता. तुमच्या आईच म्हणाल्या, तिचं आहे तेच लिही. आठवतंय? ताटात माझंच नाव निघालं तवा मला रडू आलं. तुमाला वाटलं माहेर सुटलं म्हणून रडतीय."

लेक तिच्याकडं वळला. मग म्हणाला, "मला कधी सांगितलं न्हाईस."

"इचारलं कुणी?" म्हणून ती आत पोळ्या लाटायला गेली. तो बंगल्याशेजारी बसला. जरा वेळानं कापसाच्या गायीचं शिंग वाकडं होतं, ते सरळ केलं. त्यानंतर तो विषय त्यानं काढला नाही.

कल्पना सांगायचा दिवस आला. घरच्या लाईटचा भरवसा नाही म्हणून बारामतीत ओळखीच्या एका क्लासची खोली घेतली होती. मी भिंतीकडच्या खुर्चीवर, स्क्रीनवर दिसू नये अशी. पलीकडं तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. नातीनं सांगायला सुरुवात केली. बंगला दाखवला तसा तिचा आवाज मोकळा झाला. मैत्रिणीनं थोडा भाग खेळून दाखवला. 

मग पलीकडचा एक जण म्हणाला, "दिसायला फारच सुंदर आहे. पण भूत कुठंय? पाटीवर जिचं नाव आहे, ती आधीची नवरी मेलेली दाखवा. ती सूड घ्यायला येते. तेवढं केलंत तर आम्ही आजच हो म्हणतो."

 आजच हो म्हणतो, म्हणाला तो! मैत्रिणीनं नातीकडं बघितलं. एक भूत घातलं की बंगळूर टळलं, खताचं दुकान टळलं. मीच मनात म्हटलं, घाल बाई एखादं, बारीकसं, कोपऱ्यात.

नात म्हणाली, "सर, ती मेलेली नाही. ती त्याच लग्नात पंगतीला बसून जिलबी खातेय. खूश आहे. तिलाही कुणीतरी दुसऱ्याच नावानं वाढतंय, आणि ती आणखी मागतेय. आमची भीती तेवढीच आहे. भूत घातलं तर भीतीच निघून जाईल."

 तो माणूस काही बोलणार, तर पलीकडची बाई म्हणाली, "शेवट काय आहे?"

"शेवटी बंगला पूर्ण होतो. सगळे दिवे लागलेले असतात. तेव्हा लांब रस्त्यावरून खऱ्या नावानं एक हाक येते. एकदाच. वळून बघायचं का नाही, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. आम्ही पुढं काहीच दाखवत नाही."

 ती बाई इतकंच म्हणाली, "मला जेवणाऱ्या नवरीचा प्रसंग पहिल्यांदा बघायचाय. भूत नको." आणि शेजारच्याला म्हणाली, "तुम्हाला हाक मारतात ते नाव जन्मापासून तुमचंच आहे ना? मग तुम्हाला भीती वाटायला भूत लागणारच." तो हसला. चांगला माणूस होता तोही.

चार दिवसांनी निरोप आला. पहिला भाग बनवा, आम्ही बरोबर आहोत, भुताशिवाय. नातीनं बंगळूरला नाही म्हणून कळवलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मग उठून म्हणाली, "आज्जी, ससे अजून दोन लागतील." मैत्रीण आता आठवड्यातले निम्मे दिवस इथंच असते. माझा लेक बसस्टँडवर तिला आणायला जातो आणि येताना विचारतो, "काय मग, नवरी कुठवर येडी झाली?"

आता तुझ्याशी काम. खेळणाऱ्याचं नाव काहीही असो, ते मशीन बोलेल, तशी सोय मैत्रिणीनं केलीय. पण नात म्हणते, मशीनला हाक येत नाही. हाक कशी उठते, कुठं लांबते, कुठं तुटते, ते ती मशीनला खऱ्या माणसाकडून शिकवणार. आणि ज्या माणसानं एखादं जुनं नाव आयुष्यभर हाकारलंय, त्याचाच आवाज पाहिजे म्हणते. माझ्या जुन्या नावानं मला हाक मारणारं आता या जगात एकच माणूस उरलंय, तुझी आई. फोनवरची चालत नाही म्हणे. मोकळ्या रानातली पाहिजे, रस्त्यावरून अंगणात येणारी.

तेव्हा तिला घेऊन ये. गुडघ्याचं कारण सांगेल, ऐकू नकोस. पुढच्या सीटवर बसव, पाठीला उशी दे, वाटेत कुठं चहाला थांबवू नकोस, नाहीतर तिला गप्पा मारायला कुणीतरी भेटतंच. नात आवाज टिपायचं मशीन घेऊन कधीपासून तयार बसलीय. उसाला तोड आली की रानातला आवाज बदलतो म्हणते, त्याच्या आत व्हायला हवं. मी तर म्हणते, मशीन असो नसो, दोघी या. पुढच्या रविवारी जमत असेल तर पुढच्याच रविवारी या.